मुन्नाची हळद

मुन्नाला काता पाठ होईना म्हणजे होईना. कराटेत काता म्हणजे अडवायच्या-मारायच्या हातांचा ठरलेला क्रम. हा लग्नाला आलेला बाबा तिसऱ्या हाताला अडकायचा आणि माझ्याकडं असा बघायचा की मलाच रडू यावं. वसमतच्या माझ्या क्लासात असा दुसरा गडी न्हाई. परीक्षा तोंडावर आलेली. शेवटी म्हटलं, खड्ड्यात गेलं ते पाठांतर! डोक्याला जमत न्हाई ना, मग याच्या अंगालाच शिकवू.

त्याला डोळे मिटायला लावले. मी गुडघ्याला हात लावला की लाथ. खांद्याला लावला की कोपर मागं. कपाळाला लावला की खालून वर ठोसा. रोज हेच. परीक्षेत माझा हात नुसता मनात आणून त्यानं अख्खा काता सरसर केला. मला आभाळ ठेंगणं झालं.

मग एका सकाळी त्याची आई, गोजरबाई, क्लासवर आली.

"शिलाताई, लेकराला झोपेतून उठवायचं भ्याव वाटून राहिलं. खांद्याला हात लावला, तर कोपर थेट इथं." तिनं पदर सरकवून बरगडीवरचा काळानिळा डाग दाखवला.

"जाईल हो मावशी हळूहळू," मी म्हटलं. काय अक्कल माझी! पोरगं पास झाल्याच्या तोऱ्यात होते मी.

पुढं महिनाभरात मुन्नाचं लग्न निघालं. त्याच्या हळदीला गेले. मुन्ना पाटावर बसलेला. त्याची बहीण प्रतिक्षा, सातवा महिना लागलेली, हळदीत आंब्याची पानं बुडवून त्याच्या पुढ्यात बसली. आमच्याकडं हळद खालून वर चढते: पाय, गुडघे, खांदे, कपाळ. गुडघा, खांदा, कपाळ, हा तर मी शिकवलेलाच क्रम! मुन्नानं दोन्ही हातांनी पाट आवळून धरला होता. त्यालाबी कळलं होतं.

"थांब गं! आधी मी लावते."

"शिलाताईला लई घाई!" बाया हसल्या.

"माझी मीच लावून घेतो," मुन्ना म्हणाला.

"असं कुठं असतं व्हय रे?" त्याची चुलती भिकाबाई खेकसली.

मी प्रतिक्षाला दंड धरून बाजूला केलं आणि पानं घेतली. पायाला काही झालं न्हाई. गुडघ्याला पान टेकलं, तसा त्याचा पाय उसळला; त्यानं दाबून धरला. खांद्याला तो थरथरला. घामानं भिजला होता. मला वाटलं, जिंकलं पोरगं. कपाळाला पान लावलं.

ठोसा हनुवटीखाली बसला. अगदी बराबर, मी शिकवला तसा. मी मांडवाच्या खांबावर आदळले. तोंडातून रक्त आलं. वाजंत्री बंद पडली.

"मॅडम, मी न्हाई मारलं! आईची आन, मी न्हाई मारलं!" मुन्ना लेकरासारखा रडत होता. खरंच बोलत होता तो.

गोजरबाईनं पदरानं माझं तोंड पुसलं. माझ्यावर रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"उद्या सून येऊन राहिली घरात," ती हळूच म्हणाली. "तिला काय सांगू, ताई? नवऱ्याला हात लावू नको म्हनून?"