फ्यूजच्या जागी तांब्याची तार

मित्रांनो, दापोडीत रेल्वेलगतच्या एका खोलीत पाण्याच्या पिंपाशेजारी एक काळी पेटी पडली आहे. किसनची मुलगी मिनल तिच्यावर वाळलेले कपडे ठेवते. ती पेटी म्हणजे मी, गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. माझ्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह आहेत. पूर्वी ते तापून निखाऱ्यासारखे लाल दिसू लागले की मग माझा आवाज फुटे.

किसनने मला घरी आणले तेव्हा तो आकुर्डीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. सुट्टीच्या दिवशी तो गायन पार्टीत गिटार वाजवी आणि त्याची बायको तानुबाई गाई. दोघांचा आवाज माझ्यातूनच वस्त्यावस्त्यांत गेला. लोक त्यांची तारीफ करत. माझी कोणी केली नाही, पण टेम्पोत तानुबाई मला मांडीशी धरून बसे. तेवढे मला पुरे होते.

पुढे पार्टी मोडली आणि मी माळ्यावर गेलो. गेल्या वर्षी तानुबाई वारली. तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला विहारात तिचे गाणे गिटारवर वाजवायचे, तेही माझ्यातूनच, असे किसनने ठरवले. त्याने मला खाली काढले, पुसले. पण पाच मिनिटे तापलो की माझा फ्यूज उडे. नवा घातला, तोही उडाला. असे चार फ्यूज गेले.

शेजारच्या मंजुळाबाईने हयातभर रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग केलेले. तिने माझे दोन्ही मोठे व्हॉल्व्ह काढायला लावले. फ्यूज टिकला. मग एकेक लावून पाहिला. डावा लावला की फ्यूज जाई.

"किसनभाऊ, फ्यूजला कशाला शिव्या देता? हा व्हॉल्व्ह नासलाय, नको तेवढा करंट खातोय. फ्यूज बिचारा मधे पडतोय," ती म्हणाली. "नवा मागवते. आठ दिवस लागतील."

"आठ दिवसांनी काय करू? परवा तिचा दिवस आहे."

"मग नुसती गिटार वाजवा. माणसं जवळ सरकून बसतील."

किसन हो म्हणाला. ती गेल्यावर त्याने तोच डावा व्हॉल्व्ह परत बसवला, वायर सोलली, तांब्याच्या तारा पिळून जाड केल्या आणि फ्यूजच्या जागी बसवल्या. मिनलने टोकले, तर म्हणाला, "कंपनीत बत्तीस वर्षं हेच केलं. लाइन कधी थांबू दिली नाही. साहेब पाठ थोपटायचे."

विहारात पहिले कडवे छान वाजले. बायकांनी डोळे पुसले. दुसऱ्या कडव्यात माझ्या पोटात आग पडली. मला थांबायचे होते, पण मला थांबवणारे आत कोणी उरले नव्हते. ट्रान्सफॉर्मर जळाला, धूर झाला, माणसे खोकत बाहेर गेली. तानुबाईच्या फोटोसमोर किसन गिटार धरून तसाच उभा राहिला.

मग तो सगळ्यांना सांगू लागला, "जुनाच होता. कधीतरी जायचाच होता." मंजुळाबाईने माझी मागची पट्टी उघडली, तार पाहिली आणि पट्टी परत लावली.

आठ दिवसांनी नवा व्हॉल्व्ह आला. तो खोक्यातच आहे, माझ्यावरच्या कपड्यांखाली. ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग पुन्हा करून मिळते, पण किसन मला दुकानात नेत नाही. तिथे मागची पट्टी उघडतील.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू पुन्हा पुन्हा बंद पडली, तर तिचे तोंड दाबू नका. तिला काय दुखते आहे ते आधी पाहा. मी जुना होतो म्हणून जळालो नाही. ती तार अजून माझ्या पोटात आहे. तिला काहीही झालेले नाही.