सगळ्यांच्या मागून पिणारी

या मायबापहो, जरा जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. भजन उभं राहायला अजून वेळ आहे. तोवर एका पोरीची गोष्ट सांगतो. आहे ती थोड्या पुढच्या उन्हाळ्यांची, पण तिची वाट आपल्याच अंगणातून जाते.

सूर्यमाळचे झरे तेव्हा तारेच्या कुंपणाआड गेले होते. आत माळावरची वस्ती: पांढरे बंगले, पोहायचा तलाव, भर चैत्रात हिरवळ. बाहेर पाडे. पाड्यातल्या माणसाने आत जायचे ते केर काढायला, आणि सांज व्हायच्या आत परतायचे. वस्तीच्या पाण्याची जाड नळी पाड्यामधूनच जाई. पोरे तिला कान लावून खळखळाट ऐकत.

पाड्याला उरला तो दरीतला झिरा. खड्ड्यात उतरायचे आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. त्यातून एक रीत पडली. लग्नाची बायको घर सांभाळी. दुसरी आणायची ती पाण्यासाठी. या पाण्याच्या बायकोला गळ्यात काळे मणी मिळत, झोपायला कोपरा मिळे. पाणी मात्र सगळे प्याल्यावर.

देवरामच्या घरी हौशी लग्नाची, रामी पाण्याची. हौशीची लेक वर्षा रामीच्याच कडेवर वाढलेली. आता पंधरा वर्षांची झाली होती.

एका सकाळी वस्तीच्या फाटकावरचा राखणदार हेमराज ओटीवर येऊन बसला. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली.

"पोर दे पाण्याची बायको म्हणून, देवरामा. फाटकाजवळचा नळ तुझ्या घराला मोकळा करतो."

चुलीपुढून वर्षा म्हणाली, "नळ हाय, तं बायको कशाला? नळालाच हळद लाव ना!"

हौशीने पदर तोंडाला लावला. हेमराजही हसला. "नळ फाटकावर, घर माझं पार डोंगराखाली. हंडे काय पायानं येतील?"

देवराम हसला नाही. "रामीची मान गेली, पोरी. ती बसली की आपलं सगळ्यांचं पाणी बसलं."

पाहुण्याच्या चहापुरतेही पाणी घरात नव्हते. रामी झिऱ्याहून आली की रीत करायची होती. मुलीने भरला हंडा उचलून माणसापुढे ठेवायचा. ठेवला की ती त्याची झाली.

ऊन डोक्यावर आले, रामी आली नाही. मग चढावरून शेजारचा फागू ओरडला, "रामी वाटंत बसलीय! हाक मारली तं बोलत नाय!"

सगळे धावले. मोहाच्या बुंध्याला रामी टेकली होती. ओठ फुटलेले, डोळे उघडे, दोन्ही हात हंड्याभोवती. हंडा काठोकाठ भरलेला होता. हौशीने तिच्या गालाला हात लावला आणि हंबरडा फोडला.

हेमराजने वाकून हंड्यात पाहिले. "पाणी तं वाचलं," तो म्हणाला. "उचल पोरी. हितंच रीत करून टाकू."

"उचल, वर्षा," देवराम खाली बघत म्हणाला. "घरात थेंब नाय."

वर्षाने हंडा उचलला. हेमराज पुढे सरकला. ती मात्र रामीपाशी बसली. ओंजळ भरून तिने रामीच्या तोंडात पाणी घातले. ते हनुवटीवरून ओघळले.

"चमचाभर पुरं गं," हौशी पुटपुटली.

"आये, जल्मभर तळाचंच दिलं आपण तिला."

तिने रामीचे तोंड धुतले, केस धुतले, भेगाळलेले पाय धुतले. देवरामने तिचा हात धरला. "आमी काय पिऊ?"

वर्षाने रिकामा हंडा त्याच्या हाती दिला. "झिरा ठावा हाय ना, बा? वाटी खड्ड्यातच ठेवलीय."

"नळाचं विसरा आता," म्हणून हेमराज चालू लागला. त्याला कुणी थांबवले नाही.

देवराम दरीत उतरला. त्या पाड्यातला पुरुष पाण्याला गेल्याचे कुणी आजवर पाहिले नव्हते. परतला तेव्हा निम्मे पाणी वाटेत सांडले होते आणि मान वळत नव्हती. त्याने पहिली वाटी लेकीपुढे धरली.

कुंपण अजून उभे आहे, मायबापहो. नळीही वाहतेच आहे.

आता भजन होईल, तुम्ही घरी जाल, तांब्याला हात घालाल. तेवढ्यात जरा थांबा. आपल्या घरात सगळ्यांच्या मागून कोण पितं, ते बघा. पहिला घोट तिला द्या, आणि देताना रामीची आठवण काढा.