कुणीही न मोडलेला नियम

मित्रांनो, तुम्ही मला न वाचताच 'वाचले' म्हणून सांगता आणि पुढे जाता. मी एक जुना नियम आहे. माणसे आपापल्या घरी बसून इंटरनेटवर एकत्र गोष्ट रचतात, प्रत्येक जण एकेका पात्राच्या तोंडून लिहितो, अशा एका खेळाच्या पहिल्या पानावर मी राहतो.

मला मामांनी घडवले; खेळात सगळे त्यांना मामाच म्हणत. मामा लिफ्ट दुरुस्त करत, आणि हा खेळ त्यांनीच सुरू केला होता. जुने खेळाडू नव्यांची पात्रे आल्या आल्या गंमत म्हणून मारून टाकत. नवे मग पुन्हा फिरकत नसत. म्हणून मामांनी जेवणाच्या टेबलावर बसून मला लिहिले: 'नव्या खेळाडूच्या पात्राला इजा करण्याआधी त्याला विचारावे.'

मामी मागून वाचत होत्या. "एवढ्यानं ऐकणार आहेत का ते?"

"ऐकतील गं. विचारायला त्यांचं काय जातं?" मामा म्हणाले.

आणि खरेच सगळ्यांनी ऐकले. माझे कौतुक झाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

मग चिमणी आली. हे तिचे खेळातले नाव. ती इस्त्रीच्या दुकानात काम करी आणि दुपारच्या सुट्टीत फोनवर लिही. तिचे पात्र म्हणजे दीपगृह सांभाळणारी एक म्हातारी होती. कमरेत वाकलेली, तोंडाने फटकळ, पण येईल त्याला "आधी जेवलास का ते सांग" म्हणणारी. म्हातारी सगळ्यांना आवडली.

जुन्यांमध्ये सरदार नावाचा एक खेळाडू होता. त्याने नियमाप्रमाणे विचारले, "तुझ्या म्हातारीला दीपगृहात कोंडून आग लावतो. गोष्टीला रंग चढेल. चालेल ना?"

चिमणीने आधी 'नको' लिहिले. ते मला दिसले. मग तिने ते खोडले आणि लिहिले, "चालेल."

मित्रांनो, परक्या घरी भाजी खारट झाली तरी आपण 'छान झालीय' म्हणतो. नव्या माणसाचे तसेच असते. हे न कळायला सरदार काही दूधखुळा नव्हता. त्याने ती आग चवीचवीने लिहिली. मध्येच विचारी, "अजून थोडं वाढवू? चालेल ना?" ती पुन्हा "चालेल" म्हणे. खेळाच्या रीतीप्रमाणे म्हातारीचे ओरडणे तिलाच लिहावे लागले. बाकीचे 'वा, वा' करत होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शेवटी तिने मामांना लिहिले, "मामा, ती माझी आई होती. ती गेल्यापासून तिचं बोलणं मला फक्त इथंच ऐकू यायचं. तुमचा नियम कुणी मोडला नाही, मीच हो म्हटलं. तेवढं पान पुसून टाका." त्यानंतर ती आली नाही.

मामांनी सरदाराला जाब विचारला.

"मी विचारलं होतं," सरदार म्हणाला. "तीच चालेल म्हणाली. माझं काय चुकलं?"

"अरे, दारात उभं असलेलं माणूस चालेल म्हणतं ना, ते आपल्याला हाकलू नये म्हणून!"

मामांनी मला बदलायचे ठरवले. नव्याने स्वतः मागितल्याशिवाय त्याच्या पात्राला कुणी हात लावायचा नाही, असे त्यांना लिहायचे होते. पण खेळ सगळ्यांचा, म्हणून कुठलाही बदल मत घेऊनच करायचा, असे त्यांनीच पूर्वी ठरवले होते. मत होते ते फक्त जुन्यांना. मी आहे तसाच राहिलो. पान पुसायलाही नकार मिळाला. इतके झकास लिखाण कशाला वाया घालवायचे, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. मामांनी खेळ सोडला.

मित्रांनो, तुम्ही कधी नियम करायला बसलात, तर 'नाही' म्हणताना ज्याची जीभ अडखळते त्याला आधी शेजारी बसवा आणि त्याला विचारून लिहा. नाहीतर माझ्यासारखा नियम असला काय नि नसला काय. मी आजही पहिल्या पानावर आहे. माझ्याखाली ते आगीचे पान लावले आहे, नव्या खेळाडूंनी कसे लिहावे याचा नमुना म्हणून.