खाऱ्या पाण्याने रंगवलेली लाट

मी एक जुना ब्रश आहे. केस फाटलेले, पत्र्याची कॉलर गंजलेली. हसू नका, मित्रांनो! एकेकाळी माझं टोक असं होतं, की एका फटकाऱ्यात लाटेची कड उमटायची.

माझी मालकीण चित्रकार. तिचे वडील जन्मभर खलाशी होते. ते गेले आणि आजारी आईने अंथरुणातून एकच धोशा लावला, "तीस वर्षं ते काय बघत होते, मला एकदा दाखव गं." फोटो दाखवले तर म्हणाली, "हे कॅलेंडर झालं. तू स्वतः बघून ये."

म्हणून आम्ही मालवाहू जहाजावर चढलो. बापरे! लाट काय फोटोसाठी थांबते? चित्राची फळी कठड्याला बांधलेली, बाईच्या कमरेला दोर, आणि मी कागदावर टेकेपर्यंत लाट पसार! त्यात गोडं पाणी करणारं यंत्र बिघडलं. स्वयंपाक्याने आमचा रंगाच्या पाण्याचा मगच काढून घेतला.

"ताई, इथे प्यायला पुरत नाहीये. तुमच्या लाटांना कुठून आंघोळ घालू?"

"राहू दे! समुद्राचं चित्र समुद्राच्याच पाण्याने," बाई ऐटीत म्हणाली.

तिथेच माशी शिंकली. चित्र झकास झालं, लाट गोल, निळीशार. पण मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. रंग वाळलाच नाही. घरी गुंडाळी उलगडली, तर कागदाचे वेढे एकमेकांना चिकटून लाटेचा लगदा झालेला. मलाही तिने न धुताच डब्यात टाकलं होतं. माझे केस काड्यांसारखे ताठ झाले, कितीतरी तुटले.

"मग दुसरं काढ की," आई म्हणाली. "मी कुठे पळून चाललेय?"

डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

बाईने पलंगाशेजारीच कागद टाचला. मी जिवाचा आटापिटा केला, पण टोकच जुळेना. नुसते काळपट ओरखडे उठले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई मात्र टक लावून बघत राहिली.

"पाणी असं फाटतं?"

बाईने मला खाली ठेवलं. "हो आई. खरं तर असंच."

"म्हणजे घाबरत असतील गं ते." आईचा आवाज अगदी बारीक झाला. "पत्रात तर दरवेळी लिहायचे, मी मजेत आहे. आणि मी आपली वाचून घडी घालून ठेवायचे."

मित्रांनो, ब्रश वापरलात की लगेच धुवा. आणि लांब गेलेलं घरातलं कुणी 'मी मजेत आहे' म्हणालं, तर तेवढ्यावर सोडू नका. पुन्हा एकदा विचारा.