बावन्न मिनिटं

नऊ मैल बावन्न मिनिटांत नामा एकदाच पळाला होता. कमालने तीच बावन्न मिनिटं शर्यतीच्या अर्जात ठसठशीत अक्षरात लिहून टाकली आणि नामाच्या गळ्याला फास लागला.

कमाल कर्जतच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचा. स्वतः चार पावलं भरभर चालला तरी धापा टाकायचा, पण पळण्यातलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा ठाम समज होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. नामाचं घर साजगावच्या अलीकडे. तिथून कमालच्या दुकानाची पायरी मोजून नऊ मैल. कमालने एक जुनं घड्याळ आपल्या घड्याळाशी मिळवून नामाला देऊन ठेवलं होतं. नामा निघताना वेळ बघायचा, पळत येऊन पायरीवर पाय ठेवायचा आणि निघाल्याची वेळ सांगायचा. कमाल वजाबाकी करायचा. चार वर्षं हाच परिपाठ.

आता अठ्ठेचाळीस साल लागलं होतं. येत्या रविवारी मुंबईत निवडीची शर्यत होती. तिथले पहिले दोघे पुढच्या चाचणीला जाणार आणि तिथून, नशीब फळफळलं तर, लंडनच्या ऑलिंपिकला. गेल्या दोन वर्षांत मात्र नामा पंचावन्नच्या खाली आला नव्हता. "गुरुवारी शेवटचं पळून दाखव," कमालने बजावलं होतं. "एकदा बावन्नला पोच, मग शनिवारपर्यंत पाय पसरून बस. नायतर मुंबईला जाऊन हसं करून घेण्यात काय अर्थ हाय?"

कमालला ती बावन्न मिनिटं कुठून आली हे ठाऊक होतं. पण त्याबद्दल दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत.

दोन वर्षांपूर्वी, भात कापून झाल्यावर, नामाच्या थोरल्या भावाला, मालोजीला, भारा उचलताना पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. पोटरीला दोरी आवळून त्याला अंगणात बाजेवर बसवलं. सापावरची लस कर्जतच्या डॉक्टरांकडे असते असं सगळे ऐकून होते. सकाळची गाडी निघून गेलेली. नामासारखा पळणारा घरात असताना दुसऱ्या कोणाला पाठवायचा प्रश्नच नव्हता. "बेतानं जा रं, धाप लागंल," मालोजी म्हणाला. थोरला होता ना, चावला त्यालाच आणि काळजी याची.

नामा वळला, आणि वळताना त्याचा हात सवयीने कमरेला गेला. त्याने घड्याळ बघितलं. नऊ वाजून वीस.

मग तो पळाला. पळसदरी मागे पडली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आज पाय काही निराळेच पडतायत. आणि त्याला आनंद झाला. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही, पण झाला. कर्जतच्या बाजारात शिरल्यावर ते पाय, ज्यांना तोवर एकच थांबा माहीत होता, कमालच्या पायरीवर जाऊन थांबले. "नऊ-वीस," नामा म्हणाला. कमालने घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "बावन्न झाली रं. बावन्न." नामा हसला. कमालने पाण्याचा तांब्या पुढे केला, नामाने तो घटाघटा रिकामा केला, आणि तांब्या खाली ठेवताना त्याला मालोजी आठवला.

एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. घड्याळजीच्या दुकानात उभं राहूनही ती कोणी मोजली नाहीत. डॉक्टरांचा दवाखाना तिथून दोनशे पावलांवर. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर आत्ताच टांग्याने दहिवलीला गेले. त्यांना गाठून, मोटार मिळवून साजगावला पोचेपर्यंत मालोजीचं अंग गार पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, विष जहाल होतं, थोडं आधी येऊनही उपयोग नव्हता. डॉक्टरांना असं बोलावंच लागतं, असं नामा धरून चालला. पुढे ते डॉक्टर पुण्याला निघून गेले आणि विचारायलाही कोणी उरलं नाही.

तेव्हापासून नामा एकटा पळत नसे. मालोजीला अंगणात शिरताना घसा खाकरायची सवय होती. बाहेरच्याला कळावं, घरधनी आला. डोळवलीच्या पुढे रस्त्याला ओढ्यावरची एक मोरी आहे. तिथे आलं की नामाच्या मागे, अगदी खांद्याशी, कोणीतरी तसं खाकरायचं. नामा वळून बघत नसे. भीती वाटायची, आणि भीतीपेक्षाही लाज वाटायची. पाय जड व्हायचे ते तिथून.

गुरुवारी सकाळी तो अंगणात उभा राहिला तेव्हा मालोजीची बायको जयवंता सुपात तांदूळ पाखडत होती. नामाने कमरेचं घड्याळ काढून बघितलं. सात वाजून चार.

"त्या दिवशी बी बघितलं व्हतंत, भावजी," ती म्हणाली.

सूप थांबलं नव्हतं. आवाजात राग असता तर नामाला बरं वाटलं असतं. दोन वर्षं ती त्याला वेळेवर भाकरी वाढत आली होती, आणि दोन वर्षं तिला हे माहीत होतं. पायरीचं तेवढं माहीत नव्हतं. आता सांगून टाकावं असं त्याच्या ओठावर आलं. "वयनी," तो म्हणाला.

"जावा. उशीर व्हतोय," जयवंता म्हणाली.

तो निघाला. लौजी गेली, डोळवली गेली. मोरी जवळ आली तसं त्याने अंग चोरलं. मागे काही वाजलं नाही. आज खाकरणं पुढून आलं.

रस्ता रिकामा होता. वीसेक पावलांवर पुन्हा तेच, ओळखीचं, सावकाश. आपल्याच अंगणात शिरावं तसं. नामा थबकणारच होता, पण मागे राहिलं तर आवाज तुटेल ही भीती मोठी निघाली. तो पळाला. केळवली कधी गेली त्याला कळलं नाही, पळसदरी कधी गेली तेही नाही. या खेपेला आनंद झाला नाही. फक्त गाठायचं होतं.

कमाल पायरीवर घड्याळ हातात धरून उभा होता. नामा समोरून आला आणि तसाच पुढे निघून गेला. "अरं नामा, सात वाजता निघालास का सव्वासातला?" असं ओरडत कमाल पाठोपाठ धावू लागला.

नामा दवाखान्यापाशी थांबला. दोन्ही हातांनी दार ठोठावलं. नवे डॉक्टर तरुण होते, नामाला ओळखत नव्हते. त्यांनी दार उघडलं.

"दादाला पान लागलंय," नामा म्हणाला. "चला."

डॉक्टरांनी एक शब्द न विचारता बॅग उचलली, लसीची कुपी आत टाकली आणि चपला पायात सरकवत बाहेर आले. किती सोपं होतं ते. पायरी उतरता उतरता त्यांनी विचारलं, "किती वेळ झाला चावून?"

नामाने घड्याळ बघितलं नाही. "दोन वर्सं," तो म्हणाला.

डॉक्टर थबकले. त्यांनी नामाच्या तोंडाकडे बघितलं, मग बॅग खाली ठेवून त्याला खांद्याला धरून पायरीवर बसवलं. तेवढ्यात कमाल धापा टाकत पोचला. दोन वर्षं जे बोलायचं टाळलं होतं ते सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं. घड्याळ त्याने मुठीत घट्ट मिटून घेतलं होतं.

"आज थांबलो नाय मी, कमालभाई," नामा म्हणाला. "तुमी बघितलंत ना?"

"बघितलं," कमाल म्हणाला आणि त्याच्या शेजारी खाली बसला.