न फुगलेली माती

आर्वीतल्या त्या औषधाच्या कारखान्यात प्रेमदासला कोणी केमिस्ट म्हणत नसे. बी.एस्सी. झालेला, वर्षापूर्वी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेला हा पोरगा मुनीम भैय्याजीच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून सलत होता.

पोटाच्या औषधात घालायच्या मातीची नवी पोती प्रेमदासनं पसंत केली होती. आज तिची परीक्षा. मालक पुंडलिकराव ऑफिसातल्या टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "माती फुगली तं पोती ठेवू. नाई फुगली तं उद्यापासून येऊ नको."

प्रेमदासनं स्वतः भरून ठेवलेल्या बाटलीतलं पाणी काचेच्या उंच नळीत ओतलं. मातीची चिमूट टाकायची, ती बुडाशी बसू द्यायची, मगच दुसरी. घाई केली की गुठळ्या होतात. सगळी माती घालून तो थांबला. चांगली माती दह्यासारखी फुगून वर चढते. ही मेली तळाशीच पडून राहिली.

"झालं?" भैय्याजी म्हणाला. "एवढा शिकला अन् कचरा घेऊन आला."

प्रेमदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल हीच माती झकास फुगली होती, मग आज हिला काय धाड भरली? त्यानं बाटलीतलं पाणी जिभेवर घेतलं. खारट, आणि वर गोठ्याचा वास. खाऱ्या पाण्यात ही माती फुगत नाही.

"माह्या बाटलीले हात कोनं लावला?"

"म्या लावला," भैय्याजी खुशाल म्हणाला. "देवाच्या फोटोखाली ठेवली होती तू. पानी फेकलं, गोमूत्र टाकलं, विहिरीचं पानी भरलं. इथं इटाळ चालत नाई."

प्रेमदासनं मागच्या खोलीतून स्वतः गाळलेलं शुद्ध पाणी आणलं, नळी धुतली आणि पुन्हा चिमूट चिमूट माती सोडली. या खेपेला ती सावकाश फुगत खुणेच्या रेघेवर गेली.

पुंडलिकराव खाकरले. "पोती ठेवा. पन प्रेमदास, तुही बाटली मागच्या खोलीतच ठेवत जाजो. काऊन उगाच भांडन?"

नोकरी राहिली, इटाळही राहिला. प्रेमदासला ते तोंडावर थुंकल्यासारखं लागलं.

"ठेवतो जी," तो म्हणाला. "भैय्याजी, जेवल्यावर तुमी रोज आपल्याच कारखान्याचं औषध घेता ना? त्यातलं पानी कोन गाळते, माहीत हाये?"

मागच्या खोलीत प्रेमदासशिवाय कोणी पाय ठेवत नसे. भैय्याजीनं कोटाच्या खिशातून अर्धी संपलेली औषधाची बाटली काढली, आणि ती कुठं ठेवावी हे काही त्याला सुचेना.