केळीच्या पानावरचे चार थेंब

मित्रांनो, सातपुड्याच्या पायथ्याला एक लहानशी शाळा आहे. तिच्या पटांगणात कडुनिंबाखाली रोज सकाळी एक हिरवी जीप उभी असते. ती जुनी जीप म्हणजे मी. माझा एक दिवा दुसऱ्यापेक्षा पिवळा आहे आणि मागचे दार दोरीने बांधलेले आहे. तरीही मी स्वतःला भाग्यवान समजते. का, ते सांगते.

कारखान्यातून निघाले ती थेट फैजपूरला आले, एका केळीच्या बागायतदाराकडे. दहा वर्षे मी बागेतून घड वाहिले. पाणी भरलेल्या वाफ्यांमधून मी न रुतता बाहेर यायचे, तेव्हा बागेतले मजूर माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "हिला चिखल कळतो." पुढे मालकांनी नवी गाडी घेतली आणि मला गोठ्यामागे उभे केले. तीन वर्षे मला कुणी चालू केले नाही. एका कोंबडीने मात्र माझ्या सीटवर दोनदा पिल्ले काढली. निदान कुणाचे तरी घर झाले, एवढेच समाधान.

मग वेस्ता आला. तो पाड्यावरून केळीच्या कापणीला यायचा. त्याने मला मालकांकडून मागून घेतले. निघण्याआधी त्याने सीटवरची अंडी एकेक करून टोपलीत ठेवली, कोंबडीची समजूत काढली आणि मगच किल्ली फिरवली. त्याच दिवशी मला कळले, की आपण चांगल्या हातात पडलो.

वेस्ताच्या पाड्यापासून शाळा सात किलोमीटर, आणि वाटेत दोन नाले. तिथे बस येत नाही. पाड्यावरच्या नऊ मुलांना शाळेत नेणे आणि परत आणणे हे माझे काम झाले. पोरांची गाणी, भांडणे, बोरांच्या बिया, सगळे मी वाहिले.

रोज सकाळी वेस्ता माझ्या काचा पुसायचा आणि त्याची बायको सुगंधाबाई इंजिनात तेल बघायची. तेल मोजायची एक लांब पट्टी असते. तिच्यावर दोन रेघा असतात. तेल त्या दोन रेघांच्या मध्ये असावे लागते. पण सुगंधाबाई बाजारात मोहाची फुले आणि उडीद विकणारी. पायली काठोकाठ भरली तरी वर शीग, म्हणजे दाण्यांची टोकदार रास, लावल्याशिवाय तिचे माप पुरे होत नसे. कुणाच्या मापात उणे राहिले तर घराला बरकत नाही, असे तिच्या आईने तिला शिकवले होते. तोच हात तिने मला लावला. रोज आणखी घोटभर तेल. तेल वरच्या रेघेच्या पार दोन बोटे वर गेले, आणि ती माऊली खूश.

हळूहळू मी गळू लागले.

वेस्ताने बघितले, की इंजिनावरच्या झाकणाशी तेल ओले दिसते आहे. त्याने पाना घेऊन झाकणाचे नट करकचून आवळले. गळती वाढली. मग कुणीतरी सांगितले म्हणून फटीत साबण चोळला. तो एक दिवस टिकला. आणि एका शुक्रवारी तिसरीतली मोनाली पटांगणात माझ्या तेलावरून घसरली. गुडघा फुटला, वही तेलात भिजली. मित्रांनो, मला तोंड लपवायला जागा नव्हती.

कामिनी मॅडम शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला होता.

"वेस्ताभाऊ, सोमवारी इथे तेलाचा एक जरी थेंब दिसला, तर मला या गाडीतून मुले येऊ देता येणार नाहीत."

म्हणजे सात किलोमीटर पायी. मोठी पोरे कशीबशी आली असती. मोनाली आणि तिच्याएवढ्या तिघी घरीच बसल्या असत्या. परतीच्या वाटेवर त्या दिवशी एकही गाणे झाले नाही.

शनिवारी वेस्ता मला फैजपूरला वना नानांच्या गॅरेजवर घेऊन गेला. सुगंधाबाईही बाजारासाठी बरोबर होती. नाना मूळचे धुळ्याकडचे, बोलणे अजून तिकडचेच. वेस्ताने येताच सांगितले, की इंजिनच उतरवा, पण सोमवारच्या आत. नाना हसले. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. आधी रॉकेलने माझे इंजिन धुतले, फडक्याने कोरडे केले. मग वेस्ताला एक चक्कर मारून यायला सांगितले. मी परत आले तेव्हा त्यांनी केळीचे एक ताजे पान कापून माझ्याखाली पसरले आणि चहा मागवला.

चहा संपेपर्यंत पानावर चार थेंब पडले, सगळे एकाच कडेला. नानांनी त्या कडेपासून वर बोट नेत नेत थेट झाकणाच्या मागच्या कोपऱ्याला लावले. तेवढ्यात गॅरेजची शेळी आली, पान हुंगले, शिंकली आणि निघून गेली.

"देख, तिले बी तेल आवडत नहीं," नाना म्हणाले.

मग त्यांनी पट्टी काढून बघितली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "इतकं तेल कोनी टाकं?"

सुगंधाबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. "मी टाकं, नाना. उनं नको पडाले."

वेस्ता म्हणाला, की मलाही ही असेच वाढते, म्हणून माझेही पोट सुटले. पण हसल्यावर त्याने स्वतःची चूकही कबूल केली, पाना आणि साबणाची.

नानांनी जास्तीचे तेल डब्यात काढले. जास्त तेल आत घुसळते, फेसाळते आणि जिथे फट सापडेल तिथून बाहेर येते, हे त्यांनी दोघांना समजावले. झाकणाखालचे बुचाच्या लाकडाचे पॅकिंग जुने होऊन कडक झाले होते, आणि आवळून आवळून कोपऱ्यात चिरडले होते. नानांनी ते खरवडून काढले, नवे बसवले. नट त्यांनी समोरासमोरचे, थोडे थोडे करत फिरवले. हाताला जोर लावावा लागेल असे वाटताच थांबले. शेवटी पट्टी सुगंधाबाईच्या हातात दिली.

"माय, धान्यले शीग लाव. हाई तेल शे. रेघवर थांबनं."

सोमवारी वेस्ताने पटांगणात मला उभे केले आणि स्वतःच माझ्याखाली केळीचे पान पसरले. प्रार्थना सुरू झाली. नऊ पोरांचे हात जोडलेले होते, पण डोळे माझ्या चाकांकडे. प्रार्थना संपली. कामिनी मॅडम चष्मा पुसत माझ्याकडे निघाल्या. त्या पोचायच्या आत, खिचडी शिजवणाऱ्या भागाबाईची शेळी माझ्याखाली शिरली, पान ओढून बाहेर काढले आणि सगळ्यांदेखत खाऊ लागली.

वेस्ताचा चेहरा पडला. पुरावाच गेला. मॅडमनी वाकून माझ्याखालची जमीन बघितली. ती कोरडी होती. मग त्यांनी शेळीकडे बघितले. तिने देठसुद्धा ठेवला नव्हता.

"हिने तपासले ते पुरे आहे," मॅडम म्हणाल्या.

मोनालीने आधी टाळी वाजवली, मग साऱ्यांनी.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. माझे दुखणे मी थेंबाथेंबानेच सांगते. नाना ते वाचायला बसले, सुगंधाबाईने आपली चूक लपवली नाही, म्हणून मी आज तुमच्यासारख्यांना शाळेत नेते आहे. तुमच्या घरी काही जुने गळू लागले, तर लगेच जोर लावू नका आणि टाकूनही देऊ नका. आधी ते स्वच्छ पुसा. मग थेंब कुठून येतो, ते निवांत बघा.

सुगंधाबाई अजून उडदाला शीग लावते. पण रोज सकाळी माझी पट्टी पुसते, आत घालते, बाहेर काढते आणि रेघेवर बोट ठेवून म्हणते, "पुरे." तो शब्द ऐकला की मी पहिल्याच किल्लीला चालू होते.